टिपा, छापू नये

आमच्या निलेशच्या लग्नपत्रिकेत मी भावकीतल्या एकोणीस माणसांबद्दलचं माझं खरं मत सहाशे प्रतींमध्ये छापलं. हे मला पत्रिका वाटून झाल्यावर चौथ्या दिवशी कळलं. बाकी सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

निलेश म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. दीर आणि जाऊबाई इंदापूरजवळ शेतावर राहतात, आम्ही बारामतीत. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर आणि दारावर ‘डीटीपीची कामे करून मिळतील’ अशी पाटी आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, पतसंस्थांचे अहवाल, दशक्रियेची कार्डं. माणूस जन्मल्यापासून जाईपर्यंत जे काही छापावं लागतं ते मी जुळवून देते आणि छपाई गावातल्या प्रेसवर होते. त्यामुळे घरातल्या लग्नाची पत्रिका मी करायची का, असं मला कुणी विचारलं नाही. लग्न ठरल्याचे पेढे द्यायला जाऊबाई आल्या, तेव्हा पेढ्यांच्या बॉक्सखाली दोनशे पानी वही होती.

“नावं हायती,” त्या म्हणाल्या.

बाहेरच्या माणसाला वाटेल, पत्रिका तारीख आणि वेळ कळवायला असते. तारीख सगळ्यांना फोनवर कळलेली असते. पत्रिका असते नावांसाठी. कुणाचं नाव आहे, कुणाच्या वर आहे, ठळक आहे की बारीक, पुढे हुद्दा लावलाय का. पत्रिका हातात पडली की आमच्याकडचा माणूस आधी स्वतःचं नाव शोधतो, मग ज्याच्याशी पटत नाही त्याचं शोधतो, आणि दोन्हींमधलं अंतर बोटानं मोजतो. (अतिशयोक्ती नाही. बोटच लावतात.)

त्यात या वेळी खरा प्रश्न होता वन्संचा. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, काटेवाडीला दिलेली. नऊ वर्षांपूर्वी निलेशच्या बहिणीचं लग्न झालं, तेव्हाच्या पत्रिकेत वन्संचं आणि त्यांच्या मालकांचं नावच आलं नाही. वन्सं लग्नाला आल्या नाहीत आणि त्यानंतर त्यांनी दोघा भावांपैकी कुणाच्याच दारात पाऊल ठेवलं नाही. काटेवाडी आमच्या घरापासून स्कूटीवर पंधरा-वीस मिनिटांवर आहे! त्यांचं म्हणणं, शोभानं नाव मुद्दाम उडवलं. शोभा म्हणजे मी. माझं म्हणणं, प्रेसवाल्याच्या हातून ओळ गेली. नऊ वर्षांत आमची बाजारात दोनदा समोरासमोर गाठ पडली, आणि दोन्ही वेळा त्यांनी मेथीची जुडी निवडायला घेतली.

या लग्नाला मात्र थोरल्या भाऊजींनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, “ताईचा हात लागल्याबिगर निलेशला हळद लागणार न्हाय.”

भाऊजी बोलले की बोलले. त्यांनी एकदा रागाच्या भरात ‘या घरात टीव्ही लागणार न्हाय’ म्हटलं होतं, तर सात वर्षं लागला नव्हता. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी ही पत्रिका पद्धतशीरपणे करायची ठरवली. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेयर नावाची सोय असते. पारदर्शक प्लास्टिकचे कागद एकावर एक ठेवावेत तसं. एका कागदावर गणपती आणि किनार, दुसऱ्यावर मजकूर, तिसऱ्यावर नावं. प्रत्येक लेयरसमोर डोळ्याचं एक चित्र असतं. त्यावर टिचकी मारली की तो लेयर दिसेनासा होतो. मी चौथा लेयर केला आणि त्याला नाव दिलं, ‘टिपा, छापू नये’.

या लेयरवर मी बहुतेक नावांखाली, अगदी बारीक करड्या अक्षरात, स्वतःला सूचना लिहून ठेवल्या. कुणाचं नाव कुठे हवं, का हवं, काय सांभाळायचं. एवढ्या माणसांचं सगळं डोक्यात राहत नाही. शिवाय डोक्यात ठेवलं तर तोंडात येतं, आणि ते टाळायचं होतं. टिपा लिहून नावं लावली, डोळा मिटला, पान कागदावर काढून घरात सगळ्यांना दाखवलं. सगळे खूश. जाऊबाईंनी बोट लावून अंतरं मोजली आणि मान हलवली.

मग प्रेसवरून फोन आला. “मॅडम, तुमची फाइल आमच्याकडं उघडताना मशीन बंद पडतंय. लेयर एकत्र करून पाठवा.”

त्यात काय अवघड? सगळे लेयर निवडायचे आणि एकत्र करायचे. मी केले. एकत्र करताना मिटलेला डोळा उघडतो आणि ‘छापू नये’ म्हटलेलंही छापायच्या रांगेत येऊन बसतं, हे मला माहीत होतं. (माहीत असणं आणि त्या क्षणी आठवणं यात बराच फरक असतो, असं मी आता लोकांना सांगते.) स्क्रीनवर पूर्ण पान एकदम बघितलं तर नावांखाली बारीक करडी नक्षी आल्यासारखी वाटली. छान दिसली. मी फाइल पाठवली.

पत्रिका छापून थेट इंदापूरला गेल्या, तिथून भाऊजींनी वाटल्या. एक गठ्ठा यांनी बारामतीकडच्या लोकांसाठी आणला आणि कपाटावर ठेवला. वन्संची पत्रिका त्यातच होती. ती मी आणि जाऊबाईंनी शनिवारी नारळ आणि साडी घेऊन, रीतसर हळदीकुंकू लावून द्यायची असं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाळजच्या तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे यांचे चुलत चुलते, वय ऐंशीच्या पुढे.

“सूनबाई, मी हाय.”

“कोण बोलतंय?”

“तात्या. डाळजवरनं. मी हाय अजून.”

“हो तात्या. तब्येत काय म्हणते?”

“तब्येतीचं ऱ्हाऊ दे. तू इचारलं म्हनून सांगितलं. हाय मी.”

“मी कधी विचारलं?”

“ते तुझं तू बघ. पर कैलासवासी लावू नगंस. आन हे बघ, मला राग न्हाय. आजकाल कोन चौकशी करतंय कुणाची. गल्लीत सगळ्यांना दाखवलं मी, आमच्या सूनबाईनं इचारलंय म्हनून.”

फोन बंद झाला. मला वाटलं, म्हातारपण. मी यांना म्हटलं, “तात्यांना कुणीतरी दवाखान्यात दाखवायला हवं.” हे काही बोलले नाहीत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण तात्यांचा विषय निघाला की हे किमान अर्धा तास बोलतात.

दुपारी जाऊबाईंच्या भावाचा फोन. ते लोणी देवकरला कारखान्यात आहेत.

“ताई, झालं बरं का माझं. मार्चमधीच झालं.”

“काय झालं?”

“प्रमोशन. मॅनेजर. लेटर हाय माझ्याकडं.”

“अरे वा. अभिनंदन.”

“अभिनंदन नको, तुमी खात्री करा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो.”

लेटर आलं. पाठोपाठ ओळखपत्र आलं, पुढून आणि मागून. मग एका दाराचा फोटो आला, त्यावर त्यांच्या नावाची पाटी. मग त्याच दारासमोर स्वतः उभे. मी प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘आता पटलं का?’ मी लिहिलं, ‘पटलं.’ काय पटलं ते मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी यांचे चुलतभाऊ बापूराव दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर आत येईनात.

“वैनी, मी लग्नात बोलणार न्हाय.”

“का हो? आमचं काही चुकलं?”

“तुमचं काय चुकंल. मी माईकच घेणार न्हाय.”

“बापूराव, आशीर्वादाचे दोन शब्द तर तुम्हीच बोलता दर वेळी.”

“दोन?” ते म्हणाले. “न्हाय, आता दोन म्हणताय? मग तितं पाऊण तास कुणी लिहिला?”

“कुठे लिहिला?”

ते एक पायरी खाली उतरले. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, “पाच मिन्टं बोलतो. त्याच्या आतच संपवतो.” आणि गेले. चहासुद्धा न घेता! बापूराव आमच्या घरून चहा न घेता गेले, ही गोष्ट मला पाऊण तासापेक्षा जास्त लागली.

यानंतर घरातच चमत्कार सुरू झाला. हे रुसले. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. मी भाजीत मीठ दोनदा घातलं आहे, यांचा वाढदिवस तीनदा विसरले आहे, यांच्या नव्या शर्टनं कॉम्प्युटर पुसला आहे. हा माणूस कधी रुसला नाही. आता मात्र विचारलं तर एकेक शब्द.

“चहा टाकू?”

“टाकलास तर टाक.”

“जेवायला वाढू?”

“माझं काय. सगळ्यांचं झाल्यावर वाढ.”

“सगळे म्हणजे कोण? आपण दोघंच आहोत.”

“तरीबी.”

मला वाटलं, रक्तदाब. तो घरातल्या मशीनवर मोजला. ठीक निघाला. माझा जास्त निघाला.

तिसऱ्या दिवशी फोन इतके आले की मी कामाची वही मिटून ठेवली. कुणी म्हणालं, आम्ही चौघंच येऊ, अकरा येणार नाही. कुणी म्हणालं, गेल्या वेळचं पातेलं परत पाठवलंय, टेम्पोत बघा. खरंच टेम्पोतून पातेलं आलं. ते परत येईल ही आशाच मी सोडली होती! एक बाई फोनवर नुसत्या “बरं” म्हणाल्या आणि ठेवला. मी सगळ्यांना “हो हो” म्हणत राहिले. कदाचित लग्नसराईत लोकांच्या डोक्यावर ऊन चढत असेल, असं मी धरून चालले. माझंच डोकं तपासावं, असं मनात आलं नाही.

चौथ्या दिवशी जाऊबाई स्वतः एसटीनं बारामतीला आल्या. पंख्याखाली बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “शोभा, एक इचारू का? ही पत्रिका वाचायची कशी? वरची ओळ खरी धरायची का खालची?”

“खालची कुठली?”

“माझ्या नावापुढं बी.ए. हाय. ते मीच सांगितलं व्हतं तुला. पर खाली कशाला लिहायचं, शेवटचं वरीस राहिलंय म्हनून? ते आपल्या घरात माहीत हाय, तेवढं बास की. आता व्याह्यांकडनं निरोप आलाय, अजून परीक्षा देता येतीया म्हनून. फॉर्म बी पाठवलाय.”

मी कपाटावरचा गठ्ठा काढला. पत्रिका उघडली. मोठं भिंग घेतलं, जे मी लोकांचे जुने फोटो बघायला ठेवते.

नक्षी नव्हती ती.

डाळजच्या तात्यांच्या नावाखाली: ‘आहेत ना? नसतील तर कै. लावणे. विचारून घेणे.’ लोणी देवकरच्या मामांखाली: ‘मॅनेजर म्हणवतात. सुपरवायझर असावेत. भांडत बसू नये, लावून टाकणे.’ बापूरावांखाली: ‘माइक दिला की पाऊण तास. देऊ नये.’ कुणाखाली ‘चौघांना बोलावलं की अकरा येतात’, कुणाखाली ‘आपलं पातेलं यांच्याकडेच आहे’, आणि एका आदरणीय बाईंच्या नावाखाली फक्त ‘असो’.

सगळ्यात शेवटी यांचं नाव. त्याखाली: ‘यांचं शेवटी टाकलं तरी चालतं. हे रुसत नाहीत.’

मी वळून बघितलं. हे दारात उभे होते.

“तुम्ही वाचलं होतं?”

“पहिल्याच दिवशी.”

“मग सांगायचं नाही का मला?”

“मला वाटलं तू मुद्दाम छापलंस,” हे म्हणाले. “निघाली असंल एखादी नवीन पद्धत.”

यावर मी बोलणार होते, पण तेवढ्यात मला पहिल्या ओळीची आठवण झाली. पहिल्या ओळीत, सर्वांत वर, ठळक अक्षरात वन्संचं आणि त्यांच्या मालकांचं नाव होतं. त्याखाली मी काय लिहिलं होतं ते मला भिंगाशिवाय पाठ होतं: ‘पहिली ओळ यांचीच. मागच्या वेळी माझ्याच हातून गेली. प्रेसवर ढकललं आहे. तेच चालू ठेवणे.’

जाऊबाईंनी माझा चेहरा बघितला, मग भिंग घेऊन ती ओळ वाचली. आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

“बरं झालं वन्संची पत्रिका अजून दिली नाही,” मी म्हटलं. “शनिवारच्या आत नव्या छापून घेते.”

“ती मी सकाळी दिऊन आलो,” हे म्हणाले.

“एकटे? नारळ, साडी, काही नाही?”

“म्हटलं, आपल्याला तरी कोण मान देतंय. जाऊन यावं.”

मी स्कूटीची किल्ली घेतली आणि टेबलावरची व्हाइटनरची बाटली पर्समध्ये टाकली. वाटेत मी बेत पक्का केला. वन्संना बारीक अक्षर चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि त्यांचा चष्मा कायम हरवलेला असतो. घरात शिरायचं, पत्रिकेला हळदीकुंकू लावायचं राहिलं म्हणायचं, ओळीवर पांढरं फिरवायचं, परत यायचं. बेतात कुठे खोट नव्हती. खोट हातात होती.

काटेवाडीला पोचले तेव्हा वन्सं ओसरीवर दुधाच्या किटल्या पालथ्या घालत होत्या. नऊ वर्षांनी मी त्या दारात उभी होते.

“ये,” त्या म्हणाल्या. एवढंच. “बाळू सकाळी येऊन गेला. पत्रिका देवापुढं ठेवलीया.”

“यांनी हळदीकुंकू लावलं नसेल. तेवढं लावते, म्हणून आले.”

“लाव. मी च्या टाकते.”

इतकं सरळ होईल असं मला वाटलं नव्हतं. देव्हाऱ्यासमोर बसले, पत्रिका उघडली, व्हाइटनर हलवला. आता ती अक्षरं मुंगीच्या पायाएवढी, आणि व्हाइटनरचा कुंचला चांगला नखाएवढा. पहिला थेंब टिपेवर पडला. तो पसरायला लागला म्हणून मी बोटानं आवरायला गेले, तर तो वर गेला. वर वन्संच्या मालकांचं नाव होतं. ते गेलं. ते खरवडून काढायला गेले, तर वन्संचं अर्धं गेलं. मी फुंकर मारली, आणि पांढऱ्या ठिपक्यांची एक रेघ गणपतीच्या सोंडेवर बसली.

“शोभा, देवाला काय फासतीस?”

वन्सं चहाचे कप घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवले, वाकून पत्रिका बघितली. नऊ वर्षांपूर्वी जे नाव माझ्या हातून गेलं होतं, ते मी या वेळी त्यांच्याच घरात, त्यांच्या देवापुढे, त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा घालवलं होतं. मागच्या वेळी निदान मी समोर नव्हते.

“हे सुकलं की मी पेननं परत लिहिते,” मी म्हटलं. त्या परिस्थितीत मला तेवढंच सुचलं.

वन्संनी कमरेचा मोबाइल काढला. “नगं. माझ्याकडं हाय. चष्मा सापडंना म्हनून आलेल्या कागदाचा मी फोटो काढून ठेवते, आन मोठा करून वाचते. लाइटबिल बी तसंच वाचते.” त्यांनी दोन बोटांनी फोटो ताणला आणि स्क्रीन माझ्यापुढे धरला. माझं वाक्य इतक्या मोठ्या अक्षरात मी स्वतःसुद्धा कधी बघितलं नव्हतं. “सकाळीच वाचलंय. तू येतीस का न्हाय, तेवढंच बघत व्हते. आता बोल. प्रेसवाल्यानं केलं का?”

“नाही. मी केलं.”

“मुद्दाम?”

“नाही. पानात एक ओळ जास्त होत होती. तुमची ओळ तात्पुरती काढून बाजूला ठेवली, म्हटलं अक्षर लहान करून बसवू. आणि विसरले.”

“नऊ वर्सं इसरलीस?”

“विसरले एक दिवस,” मी म्हटलं. “बाकीची नऊ वर्षं खोटं बोलले.”

वन्सं चहा प्यायला लागल्या. गोठ्याच्या बाजूनं दाजी, म्हणजे त्यांचे मालक, हात पुसत आले. ज्यांचं नाव दोनदा गेलं ते हेच. त्यांना सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, “कुठली पत्रिका? मला तर आठवतबी न्हाय.” वन्संनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते कप घेऊन परत गोठ्यात गेले.

“वन्सं, हळदीला याल ना?”

“बघू,” त्या म्हणाल्या, आणि कप विसळायला उठल्या.

मी दोन दिवसांत पत्रिका नव्यानं छापून घेतल्या. या वेळी टिपांचा लेयर आधी पुसला, मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला, मग पुन्हा बघितलं. नव्या पत्रिका घेऊन हे आणि भाऊजी घरोघरी फिरले, जुन्या परत घेण्यासाठी. वाटलेल्यांपैकी एकही परत आली नाही. लोक नवी ठेवून घेत आणि जुनी कुठे ठेवली ते आठवत नाही म्हणत. डाळजच्या तात्यांनी तर स्पष्टच सांगितलं की तिला ते चौकट करणार आहेत. ज्यांच्या नावाखाली काहीच टीप नव्हती, अशा तिघांनी मात्र मला फोन करून विचारलं, आमच्याबद्दल काहीच कसं नाही?

हळदीच्या दिवशी इंदापूरला मांडवात सगळी भावकी वेळेच्या आधी हजर होती. असं आमच्याकडे होत नाही. प्रत्येकाला दुसऱ्याचा चेहरा बघायचा होता. ज्या चौघांना बोलावलं होतं ते चौघंच आले होते आणि सगळ्यांना बोटं दाखवून मोजायला लावत होते. बापूराव खुर्चीवर तोंड मिटून बसले होते. निलेश पाटावर, अंगात जुना बनियन, वाटीत हळद कालवलेली, आणि भाऊजी त्या वाटीवर हात धरून.

नऊ वाजले, दहा वाजले. गुरुजींनी दोनदा घसा साफ केला. जाऊबाईंनी हळदीत दोनदा पाणी घातलं. साडेदहाला भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी बघितलं म्हणून सगळ्यांनी बघितलं. एवढी माणसं एकदम गप्प बसलेली मी फक्त टीव्हीवर, निकालाच्या दिवशी बघितली होती. मी मांडवाचा एक दोर सैल वाटला म्हणून घट्ट करायला गेले. तो घट्टच होता.

पावणेअकराला रस्त्यावर जीप थांबली. वन्सं उतरल्या. मागून दाजी नारळाचं पोतं घेऊन. वन्सं सरळ पाटापाशी गेल्या, भाऊजींचा हात वाटीवरून बाजूला केला आणि निलेशच्या गालाला हळद लावली. मग कपाळाला, मग हातांना. भाऊजी उठून मांडवाच्या मागं गेले आणि तिकडे बराच वेळ नाक शिंकरत राहिले. ते आल्यावर सर्दी झाली म्हणाले. आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं.

मी कोपऱ्यात नारळ मोजत होते, तेव्हा वन्सं पिवळे हात घेऊन माझ्याकडे आल्या.

“बोलून सांगितलं असतंस, तर मी आले नसते,” त्या म्हणाल्या. “म्हटले असते, गरज पडली म्हनून बोलतीया. छापून सहाशे घरांत वाटलंस, तवा पटलं.”

“चुकून छापलं, वन्सं.”

“म्हनून तर पटलं.” त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. “हे बघ. दिवाळीनंतर आमच्या सुधीरचं करायचं हाय. पत्रिका तू कर.”

“करते की.”

“माझ्या तिन्ही जावांच्या नावाखाली काय लिहायचं, ते मी सांगते. बारीक अक्षरात घे. आन मग ते तू एकत्र का काय करतीस, ते चुकून कर.”

“वन्सं, असं ठरवून चुकता येत नाही.”

“का? तुझा तर हात बसलाय त्यात.”

इतकी वर्षं मी हे काम करते, पण माझ्या कामावर इतका विश्वास आजवर एकाही गिऱ्हाइकानं दाखवला नव्हता. ऑर्डर मी घेतली.